मदत हवी आहे: लाइन गेली की सोलरही बंद? मग हायब्रिड (बॅटरीवालं सोलर) घ्यावं का?

नमस्कार मंडळी, घर चंद्रपूरला, गच्ची मोकळी. ३ किलोवॅटचं सोलर बसवायचं चाललंय, सूर्यघर योजनेतून ७८ हजार सबसिडी मिळेल, आजोबांच्या नावावरचं मीटर बाबांच्या नावावर करून झालं (त्यातच दीड महिना गेला, तो विषय नको). उन्हाळ्यात दोन कुलर दिवसरात्र चालतात, ३५० च्या वर युनिट पडतात.

आता अडलंय बाबांपाशी. त्यांची अख्खी नोकरी कोळसा खाणीत गेली तरी सोलरची त्यांनाच जास्त हौस. पण परवा सोलरवाला म्हणाला, काका हे ऑनग्रिड आहे, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेलं, लाइन गेली की हेही बंद. बाबा तेव्हा गप्प, तो गेल्यावर मला म्हणतात, "डोक्यावर ऊन तापून राहिलं अन् पंखा बंद? मंग काय कामाचं बे?" मी सांगितलं की बाहेर लाइनमन खांबावर चढलेला असतो, आपल्या गच्चीवरून तारेत करंट गेला तर त्याच्या जिवावर बेतेल, म्हणून सोलरचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. खाणीतला माणूस, हे लगेच पटलं, पण पंखा हवा तो हवाच. हायब्रिडचं कोटेशन लिथियम बॅटरीसकट जवळपास दुप्पट आलं. घरी साधा इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी आहे, त्यावर भागेल का?

दुसरं धुळीचं. शेजाऱ्यांच्या पॅनलवरून बोट फिरवलं तर बोट काळं. त्यांच्या ॲपमध्ये धुतल्याच्या दिवशी १२ युनिट, आठवड्याने तशाच उन्हात १०. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात ते वेगळंच. तुम्ही कसं धुता?

आणि आईची अट, कुरडया-पापड वाळवायला जागा राहिली पाहिजे, म्हणून स्ट्रक्चर आठ फूट उंच. वादळात टिकेल ना?

प्रतिसाद:
नागपूरहून लिहितोय, आमचं तीन वर्षं झाली. लाइन तास-दोन तासच जात असेल तर हायब्रिडच्या नादी लागू नका. जुना इन्व्हर्टर आहे तसा राहू द्या, दिवसा त्याची बॅटरी सोलरच्याच विजेवर चार्ज होते, दोन पंखे आणि लाइट तीन-चार तास आरामात चालतात, फक्त त्यावर कुलर टाकू नका. पॅनल पहाटे धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको, आणि बोअरचं पाणी असेल तर वाळायच्या आत वायपरने ओढून घ्या. उंच स्ट्रक्चरचे पाय नुसत्या स्क्रूवर ठेवू देऊ नका, स्लॅबमध्ये नीट अँकर करून घ्या. मे महिन्यात युनिट कमी दिसले तर सोलरवाल्याशी भांडू नका, पॅनलचे वॅट २५ अंशाला मोजलेले असतात, आपल्याकडे भर दुपारी पॅनल ६५ च्या आसपास तापतं, अंशामागे साधारण ०.३५ टक्के गेले तरी १४ टक्के तिथेच कमी.

धागाकर्ता:
खूप धन्यवाद दादा. बाबांना वाचून दाखवलं. ऐकून पहिला प्रश्न, "कुलर काहून नाही?" कुलरचा पंप बंद ठेवून नुसता पंखा इन्व्हर्टरवर चालवतं का कोणी?