रोबोच्या लिफ्टला दुसरी मोटर लावली, तरी वेग वाढेना: आठ मोटरींची वाटणी कशी करावी?

मुलुंडची_शिक्षिका (प्रश्न)

नमस्कार. मी मुलुंडमधील एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवते आणि नववी-दहावीच्या मुलांच्या फर्स्ट टेक चॅलेंज या शालेय रोबो स्पर्धेच्या संघाला मार्गदर्शन करते. या स्पर्धेत रोबोवर जास्तीत जास्त आठ मोटरी बसवता येतात आणि त्यांच्या वाटणीवरून आमच्या संघात सध्या चांगलेच दोन तट पडले आहेत. चार मेकॅनम चाकांना (रोबोला आडवेही सरकू देणाऱ्या) चार मोटरी लागणार, यावर सर्वांचे एकमत आहे. उरलेल्या चारांपैकी दोन लिफ्टला, एक वस्तू आत ओढणाऱ्या रोलरला आणि एक हाताला द्यावी, असे एका गटाचे म्हणणे आहे. दुसऱ्या गटाला लिफ्टलाच तीन हव्या आहेत.

या हट्टामागे कारण आहे. आमची लिफ्ट, म्हणजे स्लाइडवरून पंजा वर नेणारा सांगाडा, ८० सेंटिमीटर वर जाते. दोर १९ मिलिमीटर त्रिज्येच्या पुलीवर गुंडाळला जातो आणि पुलीला गोबिल्डा कंपनीची ३१२ आरपीएमची (मिनिटाला ३१२ फेरे) मोटर आहे. एका मोटरीवर लिफ्टला वर जायला १.९ सेकंद लागत होते. मुलांनी तशीच दुसरी मोटर जोडली, तेव्हा वेळ निम्मा होईल अशी सर्वांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो १.६ सेकंदांवर येऊन थांबला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले असता लिफ्टचा वर जाणारा भाग, पंजा आणि तो हलवणाऱ्या सर्वोसह, २.६ किलो भरतो. दुसरी मोटर वाया गेली असे समजावे, की तिसरी लावून पाहावी?

माटुंगा_मेकॅनिकल

मॅडम, तिसरी मोटर लावू नका. दुसरीचाच पुरता उपयोग अद्याप झालेला नाही.

आधी एक काम करा. सांगाडा काट्यावर तोलण्याऐवजी पुलीवरून दोर सोडवा, त्याच्या टोकाला प्रयोगशाळेतील ताणकाटा अडकवा आणि लिफ्ट सावकाश, एकसारख्या गतीने वर ओढत काट्यावरचा आकडा वाचा. मोटरीला पेलावा लागणारा भार हाच असतो, कारण त्यात स्लाइड आणि कप्प्यांचे घर्षणही येते. आकडा कळवलात, तर पुढचे गणित मांडता येईल.

मुलुंडची_शिक्षिका

आजच मोजले. आकडा ४ किलोच्या आसपास येतो. म्हणजे जवळजवळ दीड किलो निव्वळ घर्षणातच जात आहे. मलाच ओशाळल्यासारखे झाले.

माटुंगा_मेकॅनिकल

ओशाळू नका, बहुतेक संघांच्या लिफ्टमध्ये हेच निघते.

आता गणित पाहू. ४ किलोचा भार १.९ सेंटिमीटर त्रिज्येवर म्हणजे ७.६ किलो-सेंटिमीटर टॉर्क (फिरवणारा जोर). ३१२ आरपीएमच्या या मोटरीचा स्टॉल टॉर्क, म्हणजे मोटर पूर्ण अडल्यावर ती देऊ शकते तो जोर, २४.३ किलो-सेंटिमीटर आहे. डीसी मोटरीवरचा भार वाढतो तसा तिचा वेग सरळ रेषेत उतरतो. एकच मोटर असताना ती स्टॉलच्या ३१ टक्क्यांवर चालत होती, त्यामुळे तिचा वेग ३१२ वरून सुमारे २१५ वर आला होता. दुसरी जोडल्यावर प्रत्येकीवरचा भार १६ टक्क्यांवर आला आणि वेग २६२ पर्यंत वाढला. या वाढीपलीकडे मिळण्यासारखे काही नव्हतेच, कारण भार शून्य केला तरी ही मोटर ३१२ च्या वर जाणार नाही. आपल्या १.९ आणि १.६ सेकंदांचा उलगडा यात आहे: मुलांनी जोर दुप्पट केला, पण त्या जोराचे वेगात रूपांतर करणारा गिअर रेशो होता तसाच ठेवला.

दोन्ही मोटरी ४३५ आरपीएमच्या लावून पाहा (आतली मोटर तीच, गिअर रेशो वेगळा). त्यांचा स्टॉल टॉर्क प्रत्येकी १८.७, म्हणजे दोघींचा मिळून ३७.४. त्यावर ७.६ चा भार म्हणजे २० टक्के, आणि वेग सुमारे ३४७ आरपीएम. ८० सेंटिमीटरला साधारण १.२ सेकंद लागतील. मोटर सर्वाधिक शक्ती देते ती तिच्या निर्भार वेगाच्या निम्म्यावर. तिथपर्यंत रोज जायचे नसते, पण १६ टक्क्यांवर रेंगाळणे म्हणजे विकत घेतलेली मोटर झोपवून ठेवणे.

मात्र एका शाफ्टवर ३१२ ची एक आणि ४३५ ची एक अशी जोडी कधीही लावू नये. एक दुसरीला ओढत राहते आणि दोघी तापतात. तसेच स्थितीनियंत्रणासाठी एकाच मोटरीचा एन्कोडर (फेरे मोजणारा भाग) वाचावा आणि दोघींना सारखीच आज्ञा द्यावी.

जुना_स्पर्धक_ठाणे

माटुंगाकरांचे गणित बरोबर आहे, पण सामन्याच्या शेवटी रोबो याच लिफ्टने दांडीला लटकवणार असाल, तर ४३५ ची निवड पुन्हा तपासावी लागेल. रोबो १२ किलोचा धरला, तर टॉर्क २२.८ किलो-सेंटिमीटर होतो. हा भार ३१२ च्या एकट्या मोटरीला जवळजवळ अडवतो. ३१२ च्या दोन मोटरींना तो ४७ टक्के पडतो आणि ४३५ च्या दोन मोटरींना ६१ टक्के. वर चढणे ६१ टक्क्यांवरही जमते, धोका आहे तो लटकून राहण्यात. शाफ्ट फिरत नसताना प्रत्येक मोटर सुमारे ५.६ अँपिअर घेत राहते आणि तिच्यात अंदाजे ४० वॅट नुसती उष्णता होते. आपल्या प्रयोगशाळेतील साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते, हे मुलांना सांगितले की त्यांना पुढचे सांगावे लागत नाही.

आमच्या संघाने हा धडा हात भाजून घेतला. सरावात रोबो लटकवलेला ठेवून आम्ही पाच मिनिटे वाद घालत उभे होतो. कुणाला तरी तापलेल्या वार्निशचा वास आला आणि मी अजाणता मोटरीच्या पाठीला बोट लावले. बोटाला फोड आला आणि त्या मोटरीचा जोर पुन्हा कधी पूर्ववत झाला नाही. त्यानंतर आम्ही शाफ्टवर रॅचेट (एकाच दिशेला फिरू देणारी दातेरी अडक) बसवले, त्यामुळे वर चढल्यावर मोटरीचा प्रवाह पूर्ण बंद करता येऊ लागला.

ग्रँटरोड_फेरीवाला

थोडे खर्चाच्या बाजूने लिहितो, कारण या मोटरी परदेशातून येतात आणि ऐन स्पर्धेच्या आठवड्यात मागवून मिळत नाहीत. संपूर्ण रोबोवर मोटरींचे दोनच प्रकार ठेवा, म्हणजे सुटी म्हणून प्रत्येकी एक बाळगली तरी भागते. हाताला ११७ ची वेगळी मोटर घेण्यापेक्षा ३१२ चीच घ्या आणि साखळीने आणखी एकास तीन असा रेशो द्या. वेग सुमारे १०४ येतो आणि जोर जवळजवळ ११७ च्या मोटरीइतकाच मिळतो.

मुले चाकांनाही ४३५ मागतील, पण त्याला तयार होऊ नका. १०४ मिलिमीटरच्या चाकावर ३१२ ने सेकंदाला १.७ मीटर मिळतात आणि ४३५ ने २.३७. मैदान मात्र ३.६६ मीटरचेच आहे. वेग घेईपर्यंत थांबायची वेळ येते आणि धक्काबुक्कीत कमी पडतो तो जोरच.

लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या स्वस्त गिअर मोटरींविषयी नेहमी विचारले जाते. सरावाच्या सांगाड्यावर त्या खुशाल लावा. स्पर्धेत मान्य यादीतल्याच मोटरी चालतात, बाकीच्या तपासणीच्या टेबलावर उतरवायला लावतात. आठही मोटरी एकाच वेळी अडल्या तर मागणी ७३ अँपिअरच्या वर जाते आणि बॅटरीचा फ्यूज २० अँपिअरचा आहे, तेव्हा लिफ्ट चढत असताना चाकांची शक्ती प्रोग्रॅममध्येच आवरून धरावी. फ्यूज टिकला तरी व्होल्टेज कोसळून कंट्रोल हब (रोबोचा संगणक) मध्येच पुन्हा सुरू होतो आणि तेवढी सेकंदे रोबो मैदानात पुतळ्यासारखा उभा राहतो.

मुलुंडची_शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी मुलांनी मोटरीला हात लावण्याआधी स्लाइड सोडवल्या. डावी स्लाइड उजवीपेक्षा दोन मिलिमीटर आत झुकलेली निघाली आणि एका कप्पीचा बोल्ट इतका आवळलेला होता की ती फिरतच नव्हती, दोर तिच्यावरून नुसता घासत जात होता. दोन्ही दोष दूर केल्यावर ताणकाट्यावर ३.२ किलो आले. जुन्याच ३१२ च्या जोडीवर वेळ १.५ सेकंद झाला आणि ४३५ ची जोडी लावल्यावर १.२. लिफ्टवरून निघालेल्या ३१२ च्या दोन मोटरींपैकी एक साखळीसह हाताला दिली आहे, दुसरी चाकांसाठी सुटी म्हणून डब्यात ठेवली आहे. रॅचेटचे काम चालू आहे. तीन मोटरींची मागणी करणाऱ्या गटानेच ते अंगावर घेतले आहे, त्यामुळे निदान तो वाद तूर्त मिटला आहे.