देश नेमका कोलमडतो कशामुळे?

प्रश्न: सोमालिया, हैतीला फेल्ड स्टेट (सरकारच चालेनासं झालेला देश) म्हणतात, पण नुसता गरीब देश आणि पार कोलमडलेला देश यात फरक काय?

उत्तर १: गरिबीने देश मोडत नाही हो, सरकार आपलं वाटेनासं झालं की मोडतो. सोमालियाचा हुकूमशहा सियाद बारेने आपल्याच कुळातल्यांना खुर्च्या वाटल्या, इथिओपियाशी ओगादेन प्रांतासाठीचं युद्ध हरला, १९९१ ला पळाला तेव्हा पोलीस, कोर्ट, मध्यवर्ती बँक सगळंच बसलं. तरी बाजारात जुन्या मळक्या शिलिंगच्या नोटा चालतच होत्या, लोकं बिचारी निभावत होती.

उत्तर २: हैतीचं दुखणं जुनं. ही फ्रान्सची जुनी वसाहत, १८२५ ला फ्रान्सने स्वातंत्र्याची भरपाई मागितली, त्यापायीचं कर्ज १९४७ पर्यंत फेडलं, मग शाळा-रस्त्यांना पैसा उरणार कुठून? २०२१ ला तर राष्ट्राध्यक्षांनाच घरात घुसून मारलं.

प्रश्नकर्ता: मग सावरतं का कोणी?

उत्तर १: सोमालियातून वेगळा झालेला उत्तरेकडचा सोमालीलँड बघा, वडीलधाऱ्यांनी बैठका घेऊन घडी बसवली.