आईनं लिहून ठेवलेला उपदेश: तिचा आवाज की तिच्याकडून वदवलेलं?

कंदील
सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये काही प्रोटेस्टंट आयांनी मुलांसाठी धर्मोपदेश लिहून ठेवला. त्याबद्दल वाचताना सगळीकडे एकच सूर भेटतो: देवाला भिऊन वागा, प्रार्थना करा, एवढंच काय ते त्यात आहे. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

एलिझाबेथ जॉसलिनचंच घ्या. पोटात बाळ पहिल्यांदा हललं तेव्हा तिनं गुपचूप स्वतःसाठी नवं कफन आणवलं आणि जन्माला न आलेल्या त्या जिवासाठी लिहायला बसली. १२ ऑक्टोबर १६२२ ला केंब्रिजशायरमध्ये तिला मुलगी झाली आणि नऊ दिवसांनी ती गेली. अर्धवट राहिलेलं लिखाण तिच्या मेजात सापडलं. १६२४ मध्ये ते छापलं गेलं, ‘आईचा वारसा’ अशा अर्थाच्या नावानं.

नाव ‘वारसा’ का? ते छापायला परवानगी देणारा धर्मपंडित थॉमस गोड प्रस्तावनेत सांगतो की आपल्या कायद्यानं नवऱ्याच्या छत्राखालच्या बाईला मृत्युपत्र करून मालमत्ता देता येत नाही, पण नीतीचं आणि आत्म्याचं धन द्यायला कुठलाच कायदा आड येत नाही. घरातला एक चमचासुद्धा जिला स्वतःच्या मर्जीनं कुणाच्या नावे करता येत नव्हता, तिनं शब्द नावे केले. मी याला तिचा आवाज म्हणते.

तिरपा_किरण
असहमत. तुम्ही ज्या गोडचा दाखला देताय, त्यानंच तिच्या मजकुरात जागोजागी फेरफार केलेत. हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत आहे, ते छापील प्रतीशी तंतोतंत जुळत नाही. मग आपण नेमका कुणाचा आवाज ऐकतोय?

आणि मजकूर तरी काय? मुलगी झाली तर तिला बायबल, घरकाम, लिहिणं आणि सत्कर्मं शिकवावीत, बाकी विद्येची बाईला गरज नाही, असं ती नवऱ्याला लिहिते. ही स्वतः बिशप आजोबांच्या घरी भाषा आणि इतिहास शिकून वाढलेली. आपल्याला मिळालेलं दार लेकीसाठी लावून घेणारी आई मला तरी मोकळी वाटत नाही.

नऊवारी
किरण, तुम्ही वाक्य मध्येच सोडलंत. शहाणपण आणि विद्या एखाद्या सद्गुणी बाईत एकत्र आली तर तिच्याइतकं चांगुलपणाचं योग्य ठिकाण दुसरं नाही, असंही ती लिहिते आणि निर्णय नवऱ्यावर सोडते. तिला भीती आहे ती विद्येनं येणाऱ्या गर्वाची. ती भीती मला पटत नाही, पण ‘दार लावलं’ हेही खरं नाही.

मी हे सातव्या महिन्यात वाचलं होतं. एका जागी ती बाळाला सांगते, तू मुलगी असशील तर माझे कष्ट वाया गेले असं तुला वाटेल, पण पुढे वाच. तुझ्यावरचं माझं प्रेम आणि तुझी काळजी मुलगा असतास तितकीच आहे, भीती मात्र जास्त आहे. त्या ओळीपाशी मी पुस्तक मिटलं. पुढचे दोन दिवस उघडवलं नाही.

पाऊलवाट
कंदील, कायद्याचा मुद्दा जॉसलिनला लागू पडतो, पण सगळ्यात खपलेल्या पुस्तकाला नाही. डॉरथी लीचं ‘आईचा आशीर्वाद’ १६१६ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर आलं आणि त्या शतकात त्याच्या वीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. ती विधवा होती. मृत्युपत्र करायला तिला कुणी अडवणार नव्हतं, तरी तिनं तीन मुलांसाठी हे लिहिलं.

तिचा स्वर बघा. नातवंडांची नावं कोणती ठेवावीत इथपर्यंत ती मुलांना सांगते. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाला मायबोलीतलं बायबल वाचता आलं पाहिजे. आणि बायकोला मोलकरणीसारखं वागवू नका. जी तुझी बायको आहे ती तुझी नोकर होण्यापेक्षा केव्हाही मोठी, तुझ्या बरोबरीची. मोठ्या झालेल्या मुलांना असं खडसावणारी बाई पढवलेलं बोलतेय असं कोण म्हणेल?

कंदील
कायद्याचं मान्य. लीच्या बाबतीत माझी मांडणी टिकत नाही. पण त्याच पुस्तकात ती बायकांना सांगते की आपलं उणेपण उघड करायला लाजू नका, पुरुषांना मात्र पहिलं स्थान द्या. एवढी झुकल्यावरच तिला पुढचं बोलता आलं, असं मला वाटतं.

तिरपा_किरण
हेच तर मी म्हणतोय. आणि ते झुकणं दुसऱ्या बायांच्या मानेवर बसतं, त्याचं काय? लिंकनची काउंटेस एलिझाबेथ क्लिंटन. अठरा मुलं, एकालाही स्वतः पाजलं नाही, सगळी दाईच्या दुधावर वाढली. १६२२ मध्ये पुस्तक लिहून ती सांगते की अंगावर पाजणं ही देवाची आज्ञा आहे. पुस्तक स्वतःच्या बाळाला पाजणाऱ्या सुनेला अर्पण केलंय, पण सांगणं सगळ्या तरुण आयांना. एका आईची टोचणी पुढच्या शंभर आयांच्या गळ्यात. धर्माचा शिक्का बसला की त्याला उत्तर देता येत नाही.

नऊवारी
पण स्वतः का पाजलं नाही, तेही तिनं लिहिलंय. काही अंशी दुसऱ्याच्या अधिकारापुढे माझं चाललं नाही, काही अंशी चुकीच्या सल्ल्यानं मी फसले. अठरा बाळंतपणांनंतर एका सरदारीण बाईनं हे छापून सांगावं! तरुण आयांना ती आज्ञा देतेय हे खरं, पण ‘माझ्यावर जे लादलं ते तुमच्यावर लादू देऊ नका’ हेही मला त्यात ऐकू येतं.

तिरपा_किरण
हे वाक्य माझ्या नजरेतून निसटलं होतं, आभार. टोचणीबद्दलचं माझं म्हणणं थोडं मागे घेतो, सगळं नाही. कारण ‘दुसऱ्याच्या’ एवढंच म्हणून ती थांबते. नवरा १६१९ मध्येच वारला होता, पुस्तक त्यानंतर तीन वर्षांनी आलं. तरीही तो दुसरा कोण, हे तिनं लिहिलेलं नाही.