नामदेवांची गाय, फिरलेले देऊळ आणि गुरुबाणीतील कथांचा अर्थ

प्रश्न: तापीकाठ (चोपडा)

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. संत नामदेवांच्या पाठाच्या जोडीने मुलांना त्यांची गुरू ग्रंथ साहिबातील पदेही वाचून दाखवावीत, असा विचार आहे. तिथे नामदेवांची ६१ पदे आहेत, हे आपल्याकडे पुष्कळांना ऐकून माहीत असते. पण ती उघडून वाचणारे थोडे. वाचायला बसलो, तेव्हा सप्ताहातल्या कीर्तनांत लहानपणापासून ऐकलेल्या कथाच समोर आल्या. देवाने दूध प्यायले, देऊळ फिरले, बादशहाने मारलेली गाय उठली, देवाने नामदेवांची झोपडी अशी शाकारून दिली की शेजारीण चौकशीला आली.

अडचण अर्थाची आहे. ओळखीच्या दोन शीख गृहस्थांना गाईच्या कथेविषयी विचारले. एकाने सांगितले की हे जसेच्या तसे घडले आणि शंका घेण्याचे कारण नाही. दुसऱ्याने सांगितले की गाय म्हणजे माणसाचे मेलेले मन, बादशहा म्हणजे अहंकार आणि दूध म्हणजे नामस्मरणाचे फळ. पहिला अर्थ वर्गात सांगितला, तर नववीतली मुले लगेच विचारतील की मेलेली गाय उठते कशी. दुसरा सांगितला, तर कथेतला बादशहा, काजी, रडणारी आई ही जिवंत माणसे कुठे गेली, असे मलाच वाटत राहते. गुरुबाणीतील अशा कथांचा अर्थ लावण्याची काही रीत परंपरेतच आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: भुसावळचा सिंघ

वाहेगुरूजी का खालसा, वाहेगुरूजी की फतेह. सर, आजोबांच्या रेल्वेतील नोकरीपासून आमचे घर भुसावळला आहे. सचखंड एक्सप्रेसने नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याला जाणारी संगत (शीख भाविक) आणि मुक्ताईनगरहून आषाढीला निघणारी पालखी, दोन्ही पाहत मी वाढलो, त्यामुळे आपला प्रश्न मला दोन्ही बाजूंनी जवळचा आहे.

रीत आहे. सर्वांत आधी बाणी, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबातील पदे, आणि साखी, म्हणजे गुरूंविषयी सांगितली जाणारी कथा, यांतला भेद ध्यानात घ्यावा लागतो. गुरू नानकांच्या कथा आपण ऐकतो, त्यांतल्या बहुतेक जनमसाख्यांमधून येतात. या साख्या गुरूंच्या पश्चात लिहिल्या गेल्या. त्यांच्याविषयी आदर आहे, पण त्या गुरू ग्रंथ साहिबाचा भाग नाहीत. साखीचा अर्थ अडला की तो बाणीवर ताडून पाहायचा असतो, बाणीचा अर्थ साखीवर नव्हे. आपण विचारलेल्या नामदेवांच्या कथा मात्र प्रत्यक्ष बाणीत आहेत, म्हणून त्यांच्या बाबतीत अधिक जपून चालावे लागते.

दुसरी गोष्ट ‘रहाउ’ची. पदातल्या ज्या ओळीपुढे हा शब्द लिहिलेला असतो, तिथे पदाचा गाभा असतो आणि बाकीची कडवी तिच्या आधाराने वाचायची असतात. विसाव्या शतकात प्रोफेसर साहिब सिंघ यांनी संपूर्ण गुरू ग्रंथ साहिबावर जे भाष्य लिहिले, त्यात त्यांनी व्याकरण आणि रहाउ यांची शिस्त कसोशीने पाळली आहे.

आता देऊळ फिरल्याचे पद घेऊ. गाईच्या पदाप्रमाणे तेही राग भैरवातच आहे. नामदेव हसतखेळत देवळात येतात, भक्ती करू लागतात आणि त्यांना धरून उठवले जाते. मग रहाउची ओळ येते: ‘हीनड़ी जाति मेरी जादिम राइआ, छीपे के जनमि काहे कउ आइआ.’ माझी जात हीन, हे यादवराया, छीप्याच्या, म्हणजे शिंप्याच्या, जन्माला मी आलो तरी कशाला? पुढे ते आपली कांबळ उचलतात, परततात आणि देवळाच्या मागे जाऊन बसतात. देऊळ फिरते ते शेवटच्या एका ओळीत, आणि तिथेच पद संपते. रहाउ लक्षात घेऊन वाचले की हे पद मुळात चमत्काराचे राहत नाही. हाताला धरून उठवलेल्या माणसाचे दुःख हा त्याचा गाभा आहे. दगडी इमारत प्रत्यक्ष फिरली का, हा प्रश्न श्रद्धेने सोडवा किंवा तर्काने सोडवा. देवाने तोंड कोणाकडे केले, याचे उत्तर दोन्ही वाटांनी एकच येते.

दुधाच्या पदाचेही असेच आहे. रहाउमध्ये नामदेव देवाला विनवतात की दूध पी, म्हणजे माझे मन निवेल, नाहीतर घरी बाप रागावेल. त्याच नामदेवांचे गुजरी रागातले पद विचारते की एका दगडावर भाव ठेवायचा आणि दुसऱ्यावर पाय, हे कसे? तो देव असेल, तर हाही देवच. ही दोन पदे शेजारी ठेवली की मूर्तीने दूध प्यायल्याची नवलाई मागे पडते, आणि ‘एकु भगतु मेरे हिरदे बसै’ (हा एक भक्त माझ्या हृदयात राहतो) असे म्हणून हसणारा नारायण पुढे येतो.

प्रतीकांविषयी एवढेच सांगतो की बाणीला जिथे प्रतीक योजायचे असते, तिथे ती ते स्वतःच उघड करते. ‘मनु मेरो गजु, जिहबा मेरी काती’ असे नामदेव आसा रागात म्हणतात, म्हणजे मन हा कापड मोजायचा गज, जीभ ही कात्री, आणि त्यांनी मापून मापून यमाचा फास कापायचा. शिंप्याच्या दुकानातली हत्यारेच त्यांनी साधनेला लावली. गाईच्या पदात मात्र ‘गाय म्हणजे मन’ असे कुठेही म्हटलेले नाही. जे पदाने सांगितले नाही ते त्याच्या तोंडी घालताना दहा वेळा विचार करावा, असे मला वाटते.

उत्तर २: मुक्ताईची लेक (अमळनेर)

राम कृष्ण हरी. सिंघदादांनी रहाउचे सांगितले ते वाचून आनंद झाला. आमच्या कीर्तनातही अभंगाचे निरूपण आधी आणि दृष्टान्त मागाहून. गोष्ट अभंगाच्या पुढे धावू लागली, तर जुनी माणसे कीर्तनकाराला बाजूला घेऊन समज देतात.

पण सर, चमत्कार बाजूला सारण्याची घाई करू नये, अशी माझी विनंती आहे. औंढ्या नागनाथाची आपली कथा पाहा. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले आहेत, नामदेव चिडतात, विसोबा म्हणतात की जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव, आणि नामदेव जिथे पाय नेतील तिथे पिंड उभी राहते. गुरू नानकांची मक्केची साखी याच वळणाची आहे. शीख कवी भाई गुरदास यांच्या पहिल्या वारेत (वार म्हणजे दीर्घ काव्य) ती येते. बाबा (गुरू नानक) मशिदीत मेहराबीकडे, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याकडे, पाय करून झोपलेले, जीवण नावाचा माणूस लाथ मारतो, तंगडी धरून फरफटत नेतो आणि मक्का फिरते. कुठे मराठवाडा आणि कुठे अरबस्तान; पण दोन्हीकडे पाय दुसऱ्याच्या हातात आहेत, आणि ते खाली कुठे ठेवावेत हे त्या हाताला कळेनासे होते. पाय उचलणाऱ्याचे ते गोंधळणे ऐकणाऱ्याच्या अंगावर यावे लागते. ‘देव सर्वत्र आहे’ असा कोरडा अर्थ हातात दिला, तर मुले मान डोलावतील आणि विसरतील.

आमच्या मुक्ताईने तर ‘मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी’ असे म्हणून ठेवले आहे. मुंगीने सूर्य खरेच गिळला का, असे आजवर मला कोणी विचारले नाही, आणि त्या अभंगाचा अर्थ एका वाक्यात सांगून मोकळाही कोणी झाला नाही. मुलांना आधी गोष्ट पूर्ण ऐकू द्या, अर्थाची चर्चा मग करा.

उत्तर ३: पांझराकाठ (धुळे)

वरची दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, तरी गाईच्या पदातली सर्वांत धारदार बाजू अजून आलेली नाही. त्या कथेचा लौकिक अर्थ, म्हणजे राजा आणि प्रजा यांच्यातला अर्थ, प्रतीकांखाली दडपला जातो आणि श्रद्धेखालीही दडपला जातो. मला ते फार खटकते.

पद नीट वाचावे. सुलतान नामदेवांना बांधून घालतो आणि गाय उठव, नाहीतर मान मारतो, असे धमकावतो. नामदेव सरळ सांगतात की मारलेले कोणी जिवंत होत नाही आणि माझ्या केल्याने काही होत नाही. चमत्कार करून दाखवण्यास नकार देणे, ही त्यांची पहिली कृती आहे. हत्ती अंगावर सोडला जातो. आई रडत म्हणते की राम सोड आणि खुदाला भज, त्यावर ते म्हणतात की मी तुझा मुलगा नाही आणि तू माझी आई नाहीस. लोक नामदेवांच्या भारंभार सोने देऊ करतात. सुलतान म्हणतो की ते घेतले तर मी दोजखात (नरकात) पडेन, दीन (धर्म) सोडून दुनिया भरल्यासारखे होईल. इथे पदकर्त्याने सुलतानालाही त्याची धर्मबुद्धी दिली आहे, त्याला नुसता राक्षस केलेला नाही. गाय उठते, वासरू लावून तिचे दूध काढले जाते आणि भरलेली मडकी बादशहापुढे ठेवली जाते. बादशहा महालात जाऊन कासावीस होतो आणि काजी-मुल्लांकरवी क्षमा मागतो. तेव्हा नामदेव त्याच्याकडे एकच गोष्ट मागतात: ‘साचि सीलि चालहु सुलितान.’ सत्याने आणि शीलाने चाल. धर्म बदल असे ते म्हणत नाहीत, देऊळ बांधून दे असेही म्हणत नाहीत. हत्तीच्या पायाखालून वाचलेला, काही वेळापूर्वीपर्यंत बेड्यांत असलेला एक शिंपी राज्यकर्त्याला कारभार कसा करावा हे सांगतो. बादशहा म्हणजे अहंकार एवढाच अर्थ घेतला, तर हे वाक्य कोणाला उद्देशून उरते?

इतिहासाविषयी थोडे. पदात सुलतानाचे नाव नाही. मराठी परंपरा ही कथा बेदरच्या बादशहाशी जोडते. पण नामदेवांचा काळ १२७० ते १३५० मानला जातो, बहमनी राज्य १३४७ मध्ये स्थापन झाले आणि त्याची राजधानी बेदरला गेली ती पंधराव्या शतकात. त्यामुळे नेमका बादशहा शोधण्याच्या मागे लागू नये. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदि ग्रंथ, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबाचे मूळ रूप, सिद्ध केला, तेव्हा हे पद त्यात घेतले गेले, आणि दोनच वर्षांनी जहांगीराच्या आज्ञेवरून लाहोरला गुरूंना हौतात्म्य आले. त्या काळी हे पद गाणाऱ्या संगतीला सुलतान म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

तापीकाठ

आपणा तिघांचे मनापासून आभार. पांझराकाठ भाऊ, ‘मारलेले कोणी जिवंत होत नाही’ हे खुद्द नामदेवांच्याच तोंडचे वाक्य आहे, हे वर्गात आधी वाचून दाखवीन. मुलांची शंका त्यातच मांडलेली आहे. आणखी एक विचारतो. सज्जन ठगाची साखीही घ्यायची आहे. धर्मशाळेत उतरलेल्या वाटसरूंना लुटून मारणारा सज्जन गुरू नानकांचे गाणे ऐकून बदलतो, ती. तिथे प्रतीक किती आणि प्रत्यक्ष किती?

भुसावळचा सिंघ

सर, ती घ्याच. आपल्या मुलांना ती लवकर पोहोचेल. साखीत गुरू जे पद गातात ते सूही रागातले, ‘उजलु कैहा चिलकणा’ हे. त्या पदात ठग नाही, धर्मशाळा नाही, खूनही नाही. घासले की काळी शाई सोडणारे चकचकीत कांस्य आहे, बाहेरून रंगवलेले आणि आतून रिकामे वाडे आहेत, तीर्थावर राहून जीव गिळणारे पांढरे बगळे आहेत आणि सिंबळाचे झाड आहे. सिंबळ म्हणजे आपली काटेसावर. चोपड्याच्या वर सातपुड्यात ती फाल्गुनात लालभडक फुलते, मग बोंडे धरतात, पाखरे आशेने येतात आणि चोचीत कापूस येतो. मुलांना ते झाड दाखवा. माझे गुण त्या फळांसारखे निरुपयोगी आहेत, असे गुरू तिथे स्वतःच्याच देहाविषयी म्हणतात. आरोप कोणावर केलेला नाही, म्हणूनच ऐकणारा सज्जन स्वतःला ओळखतो.

म्हणजे पदात सगळी प्रतीके आहेत आणि प्रत्यक्ष व्यवहार साखीत आहे. सज्जन पाया पडून क्षमा मागतो, तेव्हा गुरू त्याला नुसते नाम देऊन सोडत नाहीत. केलेले खून कबूल कर आणि लुटलेले सगळे बाहेर काढ, असे सांगतात. तो माल आणतो, देवाच्या नावाने वाटून टाकतो आणि त्यानंतरच त्या जागी खरी धर्मशाळा उभी राहते. हा क्रम वर्गात सांगताना मागेपुढे होऊ देऊ नका.