दीड लाखाचं अनुदान कुठं मिळेल? नोंदणी आधी करायची की पैसा आधी बघायचा?

जांबोटी_घाटमाथा

नमस्कार मंडळी. मी कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातली. आमचा बायकांचा गट आहे. नोंदणी नाही, ऑफिस नाही, एकीच्या पडवीत बसतो. काम एकच, एकट्या बायकांना हक्काचे पैसे मिळवून देणं. विधवा वेतन 800, लग्न न झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्यांना मनस्विनीचे 800, पासष्टी ओलांडलेल्यांना संध्या सुरक्षाचे 1200, शिवाय घरच्या कर्त्या बाईला गृहलक्ष्मीचे 2000.

योजना सरकारनं दिल्यात, पण अर्जी कन्नडात, नाडकचेरीतलं (महसूल खात्याची इथली कचेरी) बोलणं कन्नडात आणि बाई शिकलेली मराठी चौथी. आधारवर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं. नवरा वारला त्याचा दाखलाच कुणी काढलेला नाही. एकेक प्रकरण धरून बसावं लागतं, महिनोन् महिने.

हे काम आमच्यातल्या दोन मुली करतात. दोघींना कन्नड चांगलं येतं. आतापर्यंत फुकट केलं. आता एकीला बेळगावात उद्यमबागेत नोकरी मिळतेय आणि ती का सोडावी म्हणून तिला सांगायचं? ती गेली की अर्ध्या वाटेवरच्या अर्ज्या तिथंच राहणार. बस 2023 पासून बायकांना फुकट आहे, त्याचा फार उपयोग होतो. पण भीमगडच्या जंगलातल्या गावांना बस कुठली? वडाप (शेअर जीप) मिळालं तर मिळालं, नाहीतर कुणाच्या तरी गाडीत पेट्रोल घालायचं.

आमचा हिशेब असा. दोघींना महिन्याला पाच-पाच हजार, म्हणजे वर्षाला 1,20,000. पेट्रोल-वडाप 15,000. झेरॉक्स, नोटरी, फोन 15,000. एवढंच. हे कोण देईल? एकानं सांगितलं एफसीआरए काढा, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची केंद्राची नोंदणी, एकानं सांगितलं सीएसआर बघा, म्हणजे कंपन्यांचा समाजकामाचा पैसा. एका कंपनीचे साहेब शिलाई मशीन देतो म्हणतात. कुणी म्हणतं मराठी आहात तर कोल्हापुरात नोंदणी करा. एका मुलीनं नेटवर ग्लोबल फंड फॉर विमेन, ग्लोबल ग्रीनग्रँट्स अशी नावं शोधून दिलीत. कुठून सुरुवात करू?

टिळकवाडी_हिशेब

ताई, मी संस्थांचे हिशेब लिहितो, तेवढ्यापुरतं सांगतो.

नोंदणी कर्नाटकातच करा. सोसायटी करायची तर 1960 चा कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, किमान सात जण लागतात, दरवर्षी सभा घेऊन कार्यकारिणीची यादी आणि हिशेब निबंधकाकडे भरायचे. ट्रस्ट करायचा तर दस्त करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा. वर्षाकाठची कागदपत्रं ट्रस्टला कमी. आयकराची 12ए (संस्थेला करमाफी) आणि 80जी (देणाऱ्याला करसवलत) नोंदणी केंद्राची असते (2025 च्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, पण सगळे याच नावानं ओळखतात), त्यामुळं खानापूरच्या ट्रस्टला पुण्या-मुंबईची देणगी घ्यायला काहीच अडचण नाही. सोबत संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नंबर काढा.

एफसीआरए आत्ता विसरा. संस्थेला तीन वर्षं पूर्ण लागतात आणि त्या तीन वर्षांत कामावर 15 लाख खर्च झालेला दाखवावा लागतो. दीड लाखाच्या कामाला ते दार उघडत नाही. मुलीनं शोधलेले फंड चांगले आहेत, पण पैसा परदेशी. नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना तो खात्यावर घेतला तर गुन्हा होतो. एक मात्र आहे. तुमच्याकडचे कुणी आखातात नोकरीला असतील आणि पासपोर्ट भारताचा असेल, तर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेतून पाठवलेली देणगी परदेशी धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्याची धरतात.

सीएसआरचं असं, की कंपनीनं संस्थेमार्फत खर्च करायचा तर संस्थेकडं 12ए, 80जी, सीएसआर-1 (कंपनी मंत्रालयाकडची) नोंद आणि तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. नवीन ट्रस्टला थेट मिळत नाही.

दूधगंगाकाठ

बाळ, तुझा हिशेब वाचला. पहिल्या ओळीत मुलींचं मानधन आहे, ते तिथंच राहू दे. अनुदान मागायला बसलं की माणसं मानधन खाली ढकलतात, 'प्रशिक्षण', 'जनजागृती' असल्या नावांत लपवतात, कारण देणाऱ्याला पगार आवडत नाही म्हणून कुणीतरी सांगितलेलं असतं. तुमच्या कामात त्या दोन मुलीच काम आहेत. कन्नड येणारी, बाईशेजारी नाडकचेरीच्या बाकावर बसणारी, 'पुढच्या सोमवारी या' म्हटल्यावर पुढच्या सोमवारी खरंच जाणारी. ते स्पष्ट लिही. देणाऱ्याला असं दाखव: एका बाईचं 800 वेतन सुरू झालं की वर्षाला 9,600 तिच्या हातात येतात. सोळा बायकांचं सुरू झालं की दीड लाखाच्या वर जातं आणि ते पुढच्या वर्षीही येत राहतं. हे समजून घेणारे लोक आहेत, मी चिकोडी भागात आयुष्यभर असलं काम केलं म्हणून सांगते.

शिलाई मशीन नको म्हण. गोडीनं म्हण, पण नको म्हण. तुमच्या बायकांनी मागितली असती तर गोष्ट वेगळी. एकदा मशीन आली की ती ठेवायला खोली, शिकवायला मास्तरीण, वर्षाच्या शेवटी फोटो, आणि अर्ज्या मागं पडतात. काम देणाऱ्याच्या सोयीनं वळलेलं मी फार गटांत पाहिलंय आणि ते पाहून जीव तुटतो.

नोंदणीची घाई करू नको असं माझं मत. हिशेबदादांनी सांगितलं ते बरोबर, कागद सुरू करा, पण एखाद वर्ष आधाराच्या संस्थेखाली काढा. आपल्याच जिल्ह्यातलं घटप्रभेचं बघ. देवदासी प्रथेतून बाहेर पडलेल्या बायकांची 'मास' संस्था, तिथल्या सितव्वा जोडट्टींना 2018 ला पद्मश्री मिळाली. त्या बायकांना सुरुवातीला मायराडा या संस्थेचा आधार होता, 1997 ला स्वतःची संस्था उभी राहिली. बायका तयार झाल्या आणि मग संस्था झाली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

आधाराची संस्था म्हणजे काय, तर नोंदणी असलेल्या संस्थेनं तुमचं काम आपला एक प्रकल्प म्हणून चालवायचं. मुली त्यांच्या कागदावर, बिलं त्यांच्या नावावर. पूर्वी मोठ्या संस्था परदेशी अनुदानातला वाटा खालच्या गटांना द्यायच्या. सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीनं ते बंद झालं, परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही. सगळ्यात जास्त मार तुमच्यासारख्या गटांना बसला. ज्यांना बेंगळूरू-दिल्लीतलं कुणी ओळखत नव्हतं, त्यांना तेवढी एकच वाट होती. आता तीच संस्था तुमच्या गावात स्वतः खर्च करू शकते, म्हणून हा मार्ग. देशातला पैसा असेल तर आणखी सोपं. बेंगळूरूच्या अझीम प्रेमजी फाउंडेशनसारख्यांकडं आधाराच्या संस्थेतर्फे विचारता येईल.

पण लिहून घ्या. एक पान पुरे, मराठीत चालेल. ते किती टक्के ठेवणार, मानधन किती तारखेला येणार, कुठल्या गावात जायचं हे कोण ठरवणार, आणि उद्या तुमची संस्था झाली तर उरलेला पैसा आणि मुली कुणाकडं. हे आधी बोलायला संकोच वाटतो, नंतर भांडण होतं.

आणखी दोन गोष्टी. मागायचं तर दोन वर्षांचं मागा, वर्षाची रक्कम कमी झाली तरी चालेल, कारण मार्च आला की मुली दुसरीकडं नोकरी शोधायला लागतात. आणि पैसा आल्यावर दर महिन्याला पडवीत बसून हिशेब मोठ्यानं वाचा, मराठीत, ज्या बायकांसाठी तो आला त्यांच्यासमोर. वेतन सुरू झालेली बाई आनंदानं पाचशे रुपये हातात ठेवायला येईल. ते कधीही घेऊ नका.

वेदगंगा_निपाणी

मला हे अनुदानाचं पटत नाही. 1981 ला तंबाखू शेतकरी निपाणीत हायवेवर बसले, 6 एप्रिलला गोळ्या झेलल्या, तेव्हा कुणाचा प्रकल्प नव्हता. गावोगावच्या भाकऱ्यांवर आंदोलन चाललं. बायकांकडून महिन्याला दहा रुपये वर्गणी घ्या. कमी जमेल, पण तुमचं असेल.

दूधगंगाकाठ

दादा, वर्गणी घ्यावीच, माझाही आग्रह आहे. पण आंदोलन काही आठवडे चालतं, तेवढे दिवस गाव भाकरी देतं. अर्जीच्या मागं वर्षभर फिरायचं काम तसं चालत नाही. ज्या बाईला अजून 800 सुरू झालेले नाहीत तिच्या दहा रुपयांतून मुलीचं मानधन कसं काढायचं? वर्गणीनं चहा, सभा, झेरॉक्स निघू दे. म्हणजे अनुदान बंद पडलं तरी सभा बंद पडणार नाही.

माहेर_शहापूर

मी पुण्यात असते, माहेर बेळगावचं. पितृपक्षात इथं 'देणे समाजाचे' हे संस्थांचं प्रदर्शन भरतं, आणि लोकसत्ता 2011 पासून गणपतीत 'सर्वकार्येषु सर्वदा' चालवतो, वाचक चेक पाठवतात. पुढं दोन्हीकडं विचारता येईल, पण आधी संस्थेचे कागद तयार हवेत. तोपर्यंत आम्ही काही मैत्रिणी मिळून एका मुलीचं सहा महिन्यांचं मानधन देऊ. पावतीवर करसवलत नसली तरी आम्हाला चालेल, पण पैसे आधाराच्या संस्थेच्या खात्यावर घ्या, कुणाच्या स्वतःच्या खात्यावर नको. दूधगंगा काकूंनी लिहिलेलं एक पान झालं की मला कळवा.

जांबोटी_घाटमाथा

सगळ्यांचे आभार. रविवारी बैठक आहे, हे सगळं वाचून दाखवणार. मशीनच्या साहेबांना मीच फोन करते. बेळगावात एक संस्था ओळखीची आहे, त्यांच्याकडं ते एक पान घेऊन जाते. माहेर ताई, उद्यमबागेतली नोकरी लागायची ती मुलगी तुमचा निरोप वाचून थांबते म्हणाली, सहा महिने तरी.

ट्रस्टची तयारीही सुरू करतो. एक विचारायचं राहिलं. विश्वस्त म्हणून गटातल्या ज्या दोघी सगळ्यात जुन्या आहेत त्यांना सही येत नाही, अंगठा करतात. त्यांना वगळून शिकलेल्यांनाच घ्या असं कुणी म्हणतंय. आम्हाला ते करायचं नाही. चालेल का?

टिळकवाडी_हिशेब

चालतं. विश्वस्त व्हायला सही यायची अट नाही, आणि दुय्यम निबंधकाकडे ठसे सगळ्यांचेच घेतात. दस्त नोंदवायच्या आधी तो त्या दोघींना मराठीत वाचून समजावा, साक्षीदार ठेवा. चेकवर मात्र सही येणाऱ्या दोघींची नावं द्या आणि खर्चाचा ठराव सगळ्यांचा असू द्या. दर्पणला किमान तीन पदाधिकाऱ्यांचं पॅन लागतं. ते अर्ज याच आठवड्यात टाका, आणि आधारवरचं नाव आधी तपासा.