गर्दीत परत पाय ठेवताना: अनुभव धागा

माणूस एखाद्या प्रसंगातून जिवानिशी वाचला की बाकीच्यांच्या लेखी तो प्रसंग संपतो. ज्याच्यावर गुदरतो त्याला मात्र पुढे कित्येक वर्षं स्टेशन, बस, बाजार, लग्नाचा हॉल अशा रोजच्याच जागा नकोशा होतात. डॉक्टर याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास. आपल्याकडे यावर बोलणं होतं ते बहुतेक वेळा एवढंच, की मुंबई दुसऱ्या दिवशी कामाला लागली. मला हे कौतुक कधी पटलेलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत चढणाऱ्यांपैकी कितीतरी जण पगार कापला जाऊ नये म्हणून चढतात, आणि त्यांच्या छातीत काय चाललंय ते विचारायला कुणी जात नाही.

म्हणून ज्यांना हे रोज निभवावं लागतं त्यांनाच लिहायला सांगितलं. विचारलं एवढंच, की बाहेर पडताना नेमकं काय होतं आणि काय केल्यावर थोडं जमतं. प्रसंगाचं वर्णन मागितलं नव्हतं. ज्यांनी लिहिलंय ते आपल्या मर्जीनं. नावं काढलीत, गावं ठेवलीत.

बोरिवली

११ जुलै २००६. संध्याकाळी अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले. माहीमला स्फोट झाला त्या गाडीत मी होतो, सेकंड क्लासमध्ये. बॉम्ब फर्स्ट क्लासच्या डब्यांत होते, म्हणून मी आज हे लिहितोय. मला खरचटलंसुद्धा नाही. त्यामुळे मला काही झालंय हे घरच्यांना आणि मलाही बराच काळ कळलंच नाही. त्याच आठवड्यात मी लोकलनं कामावर जायला लागलो होतो.

सुरुवात रॅकपासून झाली. डब्यात शिरलो की नजर आधी वर सामानाच्या रॅकवर. "ही बॅग कुणाची?" असं विचारायचो, मालक सापडला नाही की पुढच्या स्टेशनला उतरायचो. ग्रुपमधले लोक आधी समजून घ्यायचे, मग वैतागायला लागले. पावसाळ्यात जास्त व्हायचं. ओल्या छत्र्या, बंद खिडक्या आणि तो कोंदट वास, एवढ्यानंच हातापायाला घाम फुटायचा. शेवटी लोकल सोडली आणि बस धरली. घरी पोचायला रात्र व्हायची, मुलगी झोपलेली असायची.

बायकोनं हट्ट करून समुपदेशकाकडे नेलं. तिथे पहिलं काम काय मिळालं असेल? रविवारी दुपारी प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसायचं. गाडीत चढायचं नाही. गाड्या येऊ द्यायच्या, जाऊ द्यायच्या, आणि धडधड उतरेपर्यंत उठायचं नाही. मग रिकाम्या स्लो गाडीनं एकच स्टेशन. मग दोन. मग रॅककडे न बघता. हे शेवटचं सगळ्यांत अवघड होतं, आणि खरं सांगायचं तर आजही दाराजवळ उभा राहिलो की बरं वाटतं.

२१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयानं या खटल्यातल्या बाराही आरोपींना निर्दोष सोडलं. त्या निकालावर मी इथे काही बोलणार नाही. पण दिवसभर टीव्हीवर ते फाटलेले डबे पुन्हा दाखवत होते, आणि माझी झोप पुन्हा गेली. एकोणीस वर्षांनी? घरचे चक्रावले. मी जुन्या समुपदेशकांना फोन केला. त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. म्हणाले, बातम्या बंद करा आणि रविवारी बाकावर येऊन बसा.

परळ

थोडक्यात लिहिते. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, तेवीस माणसं गेली. मी त्या जिन्यावर होते. नंतर लष्करानं तिथे नवा पूल बांधला, स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. मला नव्या पुलाची भीती नाही वाटत. पाऊस सुरू झाला आणि मागून कुणाचा हात पाठीला लागला की वाटते, मग तो मॉल असो की देऊळ. मी कडेनं चालते, एक हात कठड्याला. गर्दी जास्त असेल तर दोन गाड्या सोडते. बॉसला हे एकदा नीट सांगितलं, तेव्हापासून उशिराचा प्रश्न मिटला. सांगायला हिंमत लागली, पण सांगावं.

उमरगा

किल्लारीच्या भूकंपात आमचं घर गेलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन करून गाव दमून झोपलेलं. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जाड माळवद. तेच अंगावर आलं. आजी आणि धाकटा भाऊ गेले. मी शाळेत होते तेव्हा.

नंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. उन्हाळ्यात भाजून निघायचो, तरी तिथं झोप लागायची, कारण वर जड काही नव्हतं. नव्या गावात पक्कं घर मिळालं तरी कितीतरी जण अंगणातच झोपायचे. त्याला कुणी आजार म्हणलं नाही, सगळ्या गावाचंच तसं होतं. मला वाटतं त्यानं आधारही झाला आणि नुकसानही. आधार असा, की कुणी हसलं नाही. नुकसान असं, की पुढं लातूरला सासरी आले आणि मंगल कार्यालयात जेवायला बसले की छताकडं बघत घास गिळायचे, तेव्हा ही गोष्ट सांगायची असते हेच मला ठाऊक नव्हतं.

आता कुठल्याही हॉलमध्ये गेले की आधी दार बघून घेते, दाराजवळच्या पंगतीला बसते. नणंदेला माहीत आहे, ती आधीच जागा धरून ठेवते. मार्च २०२४ मध्ये हिंगोलीकडं धक्का बसला, त्या बातमीनं मी पायात चप्पल न घालता अंगणात आले होते. माझ्या मुलीनं पाणी आणून दिलं आणि शेजारी बसून राहिली. "काही नाही झालं, आत चल" असं ती म्हणाली नाही, त्याचं मला फार बरं वाटलं.

डोंबिवली

माझे मिस्टर मोटरमन आहेत. लोकांना वाटतं स्फोट, भूकंप अशानंच हे होतं. मोटरमनच्या समोर माणूस रुळावर येतो. इमर्जन्सी ब्रेक लावला तरी गाडी जागच्या जागी थांबत नाही, आणि तेवढा वेळ समोरची काच असतेच. याला ते लोक रन ओव्हर म्हणतात. ज्याच्या हातून काही चूक झालेली नाही तो माणूस रात्री अंथरुणात बसून उजवा हात आवळत असतो, ब्रेकचा हात.

सुट्टीच्या दिवशी आम्ही कुठे निघालो की ते प्लॅटफॉर्मवर खांबाच्या मागे उभे राहतात, रुळाकडे पाठ करून. कॉलेजची मुलं कडेला वाकून गाडी बघताना दिसली की यांचा आवाज चढतो. पूर्वी मला लाज वाटायची. आता मीच त्या मुलांना "बाळांनो, मागे व्हा" म्हणते, म्हणजे यांना ओरडावं लागत नाही. उपचार सुरू आहेत. खांब सुटलेला नाही.

नाशिक, समुपदेशक

या अनुभवांना जोडून थोडं. पीटीएसडी हे निदान अमेरिकी मनोविकार संघटनेच्या यादीत १९८० साली आलं. प्रसंगानंतर पहिले काही आठवडे दचकणं, झोप न लागणं, तेच डोळ्यांपुढे येणं हे बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं ओसरतं. महिना उलटूनही ते टिकलं, माणूस जागा टाळायला लागला, सतत सावध राहायला लागला, की मदत घ्यावी. राखणीचा कुत्रा एकदा चोर बघतो आणि मग पाचोळ्यालाही भुंकतो. शरीराचं तसंच होतं. त्याला रागावून उपयोग नसतो.

बोरिवलीच्या दादांनी केलं ती मान्य उपचारपद्धतीच आहे: सोप्यापासून अवघडाकडे, आणि भीती ओसरेपर्यंत त्या जागी थांबणं. मध्येच उठून पळालं तर भीती पक्की होते. याशिवाय ईएमडीआर ही पद्धत आहे, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं त्या आठवणींवर काम करणं, आणि सर्ट्रालीनसारखी औषधं मनोविकारतज्ज्ञ देतात. झोपेच्या गोळ्या हा यावरचा उपाय नव्हे. त्या परस्पर घेत राहू नका. जवळ कुणी नसेल तर १४४१६ वर टेलिमानसची सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

पुणे

समुपदेशक ताईंचं पटतं, पण एक जोडते. माझ्यावर बसमध्ये हल्ला झाला होता. तपशील लिहीत नाही. तिसऱ्याच आठवड्यात घरच्यांनी "भीती मोडली पाहिजे" म्हणून मला त्याच रूटच्या बसमध्ये बसवलं. दोन्ही बाजूंना दोन काका. मी मध्येच सुन्न झाले, कुठे आहे तेच कळेना. त्यानंतर वर्षभर रिक्षातसुद्धा बसले नाही. तेव्हा थांबून राहणं ठीक, पण कधी, कुठे आणि किती हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आणि मला जी भीती आहे ती सगळीच खोटी नाही. बसमध्ये हात लावणारे आजही असतात. माझ्या थेरपिस्टनं हे पहिल्याच दिवशी मान्य केलं, म्हणून मी टिकले. आम्ही दोघींनी मिळून दोन भाग केले: खरोखर सावध कुठे राहायचं, आणि शरीर उगाच ओरडतंय कुठे. आता मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसते, हेडफोन एकाच कानात घालते, आणि कुणी चिकटलं तर मोठ्यानं बोलते. घाबरल्यावर पाय जमिनीवर दाबून दिसणाऱ्या दुकानांच्या पाट्या वाचते. लक्ष्मी रोडवर पाट्या संपत नाहीत, त्यामुळे तिथे सोपं जातं.

(ताई, तुमचं बरोबर आहे. जबरदस्तीनं नेणं हा उपचार नाही, हे मी आधीच लिहायला हवं होतं. — नाशिक)

सातारा

मी फौजेत होतो, काश्मीरमध्ये बरीच वर्षं काढली. पेन्शनवर आलो तेव्हा वाटलं, आता गाव आहे, शेत आहे, निवांत. पहिल्याच गणपतीच्या मिरवणुकीत सुतळी बॉम्ब फुटला आणि मी चौकात सगळ्यांदेखत जमिनीवर आडवा झालो. कोण हसलं, कोण नाही, आठवत नाही. पुढं गणपतीत, दिवाळीत मी घराबाहेर पडणंच बंद केलं. ज्या गावात घराघरांतून फौजी आहेत, तिथं हे बोलायची सोय नव्हती.

बोललो तो एका जुन्या सोबत्याशी, आणि कळलं की त्यालाही तेच आहे. मग आम्ही दोघं मंडळाच्या पोरांकडं गेलो. फटाके बंद करा असं म्हणालो नाही. कधी आणि कुठल्या चौकात उडवणार तेवढं आधी सांगा, म्हणालो. पोरं समजूतदार निघाली. मिरवणुकीच्या आधी त्यांचा फोन येतो. आवाज होणार हे आधी कळलं की मी जमिनीवर पडत नाही. छाती धडधडते, पण उभा राहतो. गेल्या वर्षी आरतीला गेलो होतो. तुमच्याही गावात, सोसायटीत कुणी फौजी असेल, स्फोटातून वाचलेलं कुणी असेल, तर मंडळातर्फे त्यांना वेळ कळवा. त्यांनी मागायची वाट बघू नका, ते मागणार नाहीत.