चिनी घरातलं जेवण : तुमचे अनुभव सांगा

हॉटेलातलं सोडा. चिनी माणसाच्या घरी, त्यांच्या घरच्यांबरोबर कधी जेवला असाल तर ते इथे लिहा. सुरुवात मी करतो.

2014 च्या जानेवारीत मी शेनयांगला होतो. कंपनीचं काम तीन आठवड्यांचं, मध्येच त्यांचं नववर्ष आलं आणि कारखाना बंद. हॉटेलात एकटा काय करणार म्हणून एक सहकारी मला त्याच्या सासुरवाडीला घेऊन गेला. बाहेर उणे वीसच्या आसपास. आत 'खांग', म्हणजे खालून चुलीची धग खेळवलेला विटांचा ओटा. त्यावरच बसायचं, बुटकं टेबल मांडून जेवायचं आणि रात्री तिथेच अंथरूण घालायचं. मी सरळ मांडी ठोकली तर आजेसासूबाई खूश. आधीचा परदेशी पाहुणा म्हणे पाय कुठे ठेवायचे या विवंचनेतच अर्धपोटी उठला होता.

दुपारपासून अख्खं घर ज्याओझ, म्हणजे सारण भरलेली डंपलिंग, करायला बसलेलं. पारी मध्ये जाड, कडेला पातळ. एका हाताने ती फिरवत दुसऱ्या हाताने इवलंसं लाटणं. सारण डुकराचं मांस आणि आंबवलेल्या कोबीचं. मी डुक्कर खात नाही, म्हणून माझ्यासाठी अंडं आणि लसणाच्या पातीसारख्या एका भाजीचं वेगळं. हे तर आपलंच काम, असं म्हणत मी ऐटीत मोदकासारख्या कळ्या पाडून चार-पाच केले. आजी हसल्या, बोलल्या काहीच नाहीत. मोदक वाफवतात आणि ज्याओझ उकळत्या पाण्यात सोडतात, हे पातेल्यात माझं सारण तरंगायला लागल्यावर डोक्यात शिरलं.

जुनं वर्ष सरून नवं लागतं त्या घटकेला ते खायचे. एकात नाणं दडवलेलं असतं, मिळेल त्याचं वर्ष चांगलं जातं. ते माझ्याच वाडग्यात निघालं! आजींनी खूण करून ठेवली होती, हे सहकाऱ्याने मला दोन दिवसांनी सांगितलं.

*

शेनयांग म्हणजे जुना मंचुरियाच की! मी त्या भागात दोन वर्षं काढली. मंचुरियन नावाचा पदार्थ तिथे कोणी ऐकलेलासुद्धा नाही. तो आपल्या मुंबईचा. 1975 साली नेल्सन वांग यांनी क्रिकेट क्लबच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा केला असं सांगतात. मी एकदा घरमालकांना करून वाढला. "भारतीय जेवण चविष्ट असतं," म्हणाले.

*

शाकाहारी मंडळींनी हे वाचा.

छंगदूला लेकीच्या मैत्रिणीकडे जेवायला बोलावलं होतं. मी विमानात पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "वो छ्र सू", मी शाकाहारी आहे. मैत्रिणीच्या आईने हात जोडले. मला कळेना. तिकडे हे वाक्य बहुधा बौद्ध व्रत पाळणारी माणसं म्हणतात, आणि त्या व्रतात अंडं तर नाहीच, कांदा-लसूणही चालत नाही. म्हणजे माझा आपसूक चातुर्मास सुरू झाला. घरी मी कांद्याशिवाय भाजी करत नाही, पण आता सांगणार कोण?

काकडी ठेचून व्हिनेगर घातलेली कोशिंबीर होती, टोफू होता, कसलीशी हिरवी पालेभाजी होती. आणि बटाटा. काड्यापेटीतल्या काड्यांसारखा चिरलेला, सुकी मिरची आणि व्हिनेगर घालून परतलेला. मला तो कच्चा राहिलाय असं वाटलं आणि बाईंना सांगावं का या विचारात मी पडले. मग कळलं, चिरून दोन-तीन पाण्यांत धुवून त्याचा स्टार्च मुद्दाम काढतात, म्हणजे तो मऊ न होता कुरकुरीत राहतो. आता आमच्याकडे उपवास नसलेल्या दिवशी हीच भाजी असते.

पालेभाजी डुकराच्या चरबीत परतली होती हे लेकीने मला घरी आल्यावर सांगितलं. त्या बाईंच्या लेखी मांसाचा तुकडा नव्हता, म्हणजे शाकाहारीच. मी त्यांना बोल लावत नाही, पण खूप वाईट वाटलं, हेही खरं. ज्यांना असलं चालत नाही त्यांनी तेलाचंही आधीच विचारावं.

*

आम्ही रत्नागिरीचे, त्यामुळे चरबीचा प्रश्न आला नाही. वेगळाच आला.

मी जहाजावर इंजिनीअर. चौशानच्या गोदीत जहाज दुरुस्तीला लागलं की महिनाभर मुक्काम. तिथल्या एका फोरमनने घरी नेलं. बाप मच्छीमार, आजा मच्छीमार. गोल टेबल, दाराकडे तोंड करून बसायची मानाची खुर्ची मला, आणि मधोमध वाफवलेला अख्खा मासा, डोकं माझ्या दिशेला. वरची बाजू संपली. मी आपला मदत करावी म्हणून काड्यांनी मासा उलटायला गेलो आणि टेबल चिडीचूप. म्हाताऱ्याने माझं मनगटच धरलं.

मासा उलटला की होडी उलटते! त्यांनी मधला काटा शेपटीकडून अलगद उचलून बाजूला ठेवला आणि खालचं मांस तसंच जागच्या जागी खाल्लं. मी म्हटलं, चुकलो बाबा. समुद्रावर पोट असलेल्या घरातलं पोरगं मी, मला विचारायला हवं होतं. आता घरी पापलेट असलं तरी मी उलटत नाही. बायको हसते. हसू दे.

*

सगळेच गोड लिहितायत म्हणून माझा कडवट घोट. धंद्याच्या ओळखीतून एका घरी गेलो होतो. जेवण उत्तम, पण बायच्यू! पन्नास टक्क्यांच्या वर अल्कोहोल, आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी उठून "गान्बेई". याचा अर्थ पेला रिकामा करा. एका काकांना नाही म्हटलं तर दुसरे काका रुसले. अंगठीएवढे पेले आहेत म्हणून फसू नका. वडीलधाऱ्यांशी पेला भिडवताना आपल्या पेल्याची कड खाली ठेवायची एवढी रीत मात्र मी शिकलो, पुढे पेला दिसायचाच बंद झाला.

आणि वाडगा कधीही चाटूनपुसून संपवू नका. रिकामा दिसला की भरतात. आपल्याकडच्या लग्नात जिलबीवाल्यापुढे ताटावर आडवा हात धरतात, तसं तिथे चालत नाही, हाताच्या फटीतून घालतात.

*

वरच्यांना अनुमोदन. पण त्याच आग्रहातलं एक वाक्य मला फार आवडलं. ज्याचं आधी आटपतं तो उठताना बाकीच्यांना "मान मान छ्र" म्हणतो. शब्दशः 'सावकाश खा'. म्हणजे आपल्या पंगतीतलं "सावकाश होऊ द्या" की हो!

*

मी सोलापूरचा. श्रच्याच्वांगला गेलो तो डॉ. कोटणीसांची समाधी बघायलाच. 1938 साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक. 1942 मध्ये तिकडेच वारले, वय 32. तिथे त्यांना 'ख दीह्वा' म्हणतात. समाधीपाशी एका निवृत्त डॉक्टरांशी गाठ पडली. मोडकं इंग्रजी त्यांचं, मोडकं माझंही. कोटणीसांच्याच गावचा आहे म्हटल्यावर माणूस मला घरी नेल्याशिवाय सोडेना.

घरी हाताने केलेल्या जाड शेवया आणि शेजारी ताटलीत लसणाच्या कच्च्या पाकळ्या. शेवयांचा एक घास, लसणाचा एक चावा. आपण भाकरीबरोबर बुक्कीने कांदा फोडून खातो, डिट्टो तसं. माझ्याकडे प्रवासाची शेंगाचटणी होती, ती काढली. त्यांनी ती वाफवलेल्या पावात भरून खाल्ली आणि डब्बा परत दिलाच नाही. द्यायचाही नव्हता मला.

*

दाल्येनला एमबीबीएसला होतो तेव्हा एका सरांकडे सुट्टीत दोन दिवस राहिलो. पोचलो त्या संध्याकाळी नूडल्स. निघायच्या दिवशी सहाची गाडी, तर बाईंनी पहाटे साडेचारला उठवून ज्याओझ पुढ्यात ठेवले. रात्रीचे उरलेत, संपवायचेत, असं मला वाटलं. मग सरांनी सांगितलं की उत्तरेकडे रीतच आहे : येणाऱ्याला नूडल्स, जाणाऱ्याला ज्याओझ. नंतर ज्याओझ उकळलेलं पाणीही वाडग्यात ओतून दिलं, प्यायला. पचनाला चांगलं म्हणे.

तीन वर्षांनी सरांचा मुलगा आमच्याकडे लातूरला आला. निघताना आईने त्याच्या हातावर दही घातलं. जाणाऱ्याला दही, हे त्याने लगेच ओळखलं आणि विचारलं, "मग येणाऱ्याला काय?"

आई म्हणाली, "भाकरतुकडा ओवाळून टाकतो."

"टाकता? खायला नाही देत?"

त्याचा चेहरा असा पडला की आईने पिशवीत चार भाकऱ्या बांधून दिल्या.